फोल्डरचं कुलूप

ज्यांनी वीसेक वर्षांपूर्वी होस्टेलच्या खोलीत चौघांत मिळून एक कॉम्प्युटर वापरला असेल, त्यांना ‘लॉकर’ नावाची बॅच फाइल आठवत असेल. नोटपॅड उघडायचं, कुणा मित्राकडून पेन ड्राइव्हवर आलेल्या वीस-पंचवीस ओळी त्यात चिकटवायच्या, मधे एका ठिकाणी आपला पासवर्ड टाकायचा आणि शेवटी ‘डॉट बॅट’ लावून फाइल सेव्ह करायची. तिच्यावर डबल क्लिक केलं की एक रिकामं फोल्डर तयार व्हायचं. त्यात हवं ते कोंबायचं, पुन्हा डबल क्लिक करायचं, काळ्या खिडकीत ‘वाय’ दाबायचं, की फोल्डर गडप. बघणाऱ्यावर जरा छाप पडायची, हे खरं.

त्या ओळी करत काय होत्या? फोल्डरचं नाव बदलून ‘कंट्रोल पॅनेल’ करायच्या आणि पुढे महिरपी कंसात एक लांबलचक क्रमांक जोडायच्या. तो क्रमांक म्हणजे विंडोजच्या लेखी खऱ्या कंट्रोल पॅनेलची ओळख. त्यामुळे कुणाला चुकून ते फोल्डर सापडलंच आणि त्याने ते उघडलं, तरी समोर यायच्या त्या माउस-प्रिंटरच्या सेटिंग्ज. त्यावर ‘ॲट्रिब’ ही जुनी डॉसची आज्ञा वापरून ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ असे दोन शिक्के मारले जायचे, म्हणजे ते एरवी दिसायचंच नाही. इतकंच. आतल्या एकाही फाइलचं एक अक्षरसुद्धा बदललेलं नसायचं. आणि तो पासवर्ड? तो त्याच बॅच फाइलमध्ये उघड्यावर लिहिलेला असायचा. फाइलवर राइट क्लिक करून ‘एडिट’ म्हटलं की वाचता यायचा. खोलीतल्या चौघांपैकी एकाला तरी हे ठाऊक असायचंच.

होस्टेलपुरतं ते ठीक होतं. पण खासगी फाइल जपायची म्हणजे ती दिसू द्यायची नाही, ही समजूत त्या काळापासून आपल्या डोक्यात जी बसली ती अजून उतरलेली नाही. पुढे ‘फोल्डर लॉक करून देतो’ म्हणणारे कितीतरी प्रोग्रॅम बाजारात आले. सगळे नव्हेत, पण त्यातले बरेचसे सुबक खिडक्या आणि कुलपाचं चित्र लावून आत तेच करत होते. तो प्रोग्रॅम ज्या विंडोजमध्ये बसवलाय ती विंडोज चालू असेतोवरच त्याचा पहारा. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की पहारेकरी जागच्या जागी राहतो आणि फाइली आपल्या हातात येतात.

विंडोजच्या लॉगिन पासवर्डचंही यापेक्षा फार वेगळं नाही, आणि हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. ‘माझ्या लॅपटॉपला पासवर्ड आहे’ हे वाक्य लोक निर्धास्तपणे उच्चारतात. दुरुस्तीच्या काउंटरवर काय होतं ते बघा. तंत्रज्ञ लॅपटॉप उलटा करतो, पाठीचे स्क्रू काढतो, प्लास्टिकच्या पट्टीने कडा उचकतो. आत अडीच इंची डिस्क असेल किंवा च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी असेल, ती बाहेर काढायला मिनिटभर पुरतं. ती एका छोट्या डबीत बसवून यूएसबी केबलने त्याच्या कॉम्प्युटरला जोडली की पेन ड्राइव्हसारखी उघडते. तुमच्या नावाच्या फोल्डरवर क्लिक केल्यावर विंडोज सांगते, की तुम्हाला इथे जायची परवानगी नाही. त्याच चौकटीत खाली ‘कंटिन्यू’ असं बटण असतं. ते दाबायचं, थोडं थांबायचं, झालं. कोणती फाइल कुणी वाचावी याचे नियम डिस्कवर नोंदलेले असतात खरे, पण ते पाळायचं काम त्या वेळी चालू असलेल्या विंडोजचं, आणि आता चालू आहे ती तंत्रज्ञाची विंडोज. तिथला मालक तो. लिनक्स टाकलेल्या पेन ड्राइव्हवरून तुमचाच लॅपटॉप सुरू केला तर डिस्क काढायचीही गरज नाही आणि पासवर्ड कुणी विचारतही नाही.

हे सगळं दुरुस्तीवाल्यांवर शंका घ्यायला लिहीत नाही. दिवसाला दहा-पंधरा मशीन हाताखालून जाणाऱ्या माणसाला तुमच्या सहलीचे फोटो बघण्यात रस नसतो. पण खासगी कॉम्प्युटरच्या बाबतीत धोका कुठून येतो याचा विचार करताना आपण उगाचच रशियातल्या हॅकरपासून सुरुवात करतो. प्रत्यक्षात डिस्कपर्यंत पोचणारे हात ओळखीचे असतात. लॅपटॉप आपण स्वतः त्यांच्या हवाली केलेला असतो.

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचीच परीक्षा घेतली. आधी बॅटरी बदलून देण्यासाठी त्यांनी दुकानदारांकडे विचारणा केली. बॅटरी बदलायला विंडोजमध्ये शिरावं लागत नाही, तरी एक अपवाद सोडता सगळ्यांनी पासवर्ड मागितला. मग त्यांनी आवाज येत नसल्याचा किरकोळ बिघाड मुद्दाम करून ठेवलेले लॅपटॉप १६ ठिकाणी दिले. आत कागदपत्रं होती, फोटो होते, आणि कोण काय उघडतंय याची गुपचूप नोंद ठेवणारी व्यवस्थाही होती. सहा ठिकाणी तंत्रज्ञांनी खासगी फाइली चाळल्या. दोन ठिकाणी त्या स्वतःकडे उतरवून घेतल्या. काहींनी आपण काय उघडलं याच्या खुणा पुसायचाही प्रयत्न केला. हाँगकाँगचा अभिनेता एडिसन चेन याचं प्रकरण तर आशियाभर गाजलं होतं. त्याने लॅपटॉप दुरुस्तीला दिला, तिथल्या तंत्रज्ञाने आतले खासगी फोटो उतरवून घेतले आणि २००८ च्या जानेवारीत ते इंटरनेटवर पसरले. तंत्रज्ञाला २००९ मध्ये शिक्षा झाली. पण ज्या अभिनेत्रींचे ते फोटो होते, त्यांनी कुठल्याच दुकानात काही दिलेलं नव्हतं. त्यांची खासगी बाब दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे चव्हाट्यावर आली.

आपल्याकडे तर लॅपटॉप दुरुस्तीला देताना पाठीवर कागदी चिकटपट्टी लावतात. तिच्यावर मार्करने नाव, मोबाइल नंबर, ‘चार्जरसह’ आणि शेवटी पासवर्ड. असे लॅपटॉप फळीवर एकावर एक रचलेले असतात. बॅटरी, कीबोर्ड, स्क्रीन, बिजागरी यांच्या दुरुस्तीसाठी पासवर्ड द्यायचं काही कारण नाही. ‘सुरू करून बघायला लागेल’ असं म्हटलं, तर आपल्यासमोर बघा म्हणावं, किंवा एक वेगळं साधं खातं तयार करून त्याचा पासवर्ड द्यावा. ते खातं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ प्रकारचं नसावं. मागितला की पासवर्ड देऊन टाकायचा भिडस्तपणा सोडणं आपल्याला जड जातं, हे मान्य.

फाइल पुसून टाकली तर? ‘डिलीट’ या बटणावर लोकांचा भारी विश्वास. तलाठ्याच्या दप्तरात सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेतात उभं असलेलं पीक नाहीसं होत नाही, तसंच इथे होतं. रीसायकल बिन रिकामी केली की डिस्कच्या नोंदवहीत फक्त ‘ही जागा आता मोकळी’ एवढं लिहिलं जातं. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच असतो आणि फुकट मिळणारे प्रोग्रॅम तो वर काढून देतात. एमआयटीतले सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलाट या दोन विद्यार्थ्यांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू होत्या. मालकांनी नीट पुसलेल्या निघाल्या अवघ्या १२. बाकीच्यांत पाच हजारांहून जास्त क्रेडिट कार्ड क्रमांक, वैद्यकीय नोंदी, प्रेमपत्रं असं काय काय होतं. एक डिस्क तर एटीएम मशीनमधली होती, ग्राहकांच्या व्यवहारांसकट. यातल्या अनेक डिस्क मालकांनी फॉरमॅट केल्या होत्या आणि आपण काम चोख केलं असं त्यांना वाटत होतं.

एसएसडीने या प्रकाराला नवं वळण दिलंय. एकीकडे विंडोज पुसलेल्या जागेची खबर एसएसडीला लगेच देते आणि ती जागा डिस्क आपणहून साफ करते, त्यामुळे पुसलेली फाइल परत मिळवणं पुष्कळदा अवघड होतं. दुसरीकडे, एसएसडी आपले कप्पे सारखे झिजावेत म्हणून मजकूर आतल्या आत हलवत असते. त्यामुळे एखाद्या ठरावीक फाइलवर शून्यं लिहून ती कायमची मिटवली, असं छातीठोकपणे कुणालाच म्हणता येत नाही. यावर उपाय एकच राहतो. मजकूर डिस्कवर पहिल्यापासूनच कुणाला वाचता न येणाऱ्या रूपात लिहायचा. मग डिस्क विकली, हरवली, भंगारात गेली, तरी आत सापडेल तो अर्थहीन अक्षरांचा चुरा. हे म्हणजे एन्क्रिप्शन, आणि खऱ्या अर्थाने कुलूप म्हणावं असं हेच. बाकीचे सगळे पडदे.

या कुलपाची रचना गुप्त नसते. डच भाषाशास्त्रज्ञ ऑग्युस्त केर्कहॉफ्सने १८८३ मध्येच सांगून ठेवलंय, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी अडायला नको. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आज जगभर वापरली जाणारी एईएस ही पद्धत बेल्जियमच्या योआन डेमन आणि व्हिन्सेंट रेमन यांनी तयार केली. अमेरिकेच्या मानक संस्थेने खुली स्पर्धा घेतली, जगभरच्या तज्ज्ञांनी एकमेकांच्या पद्धती फोडून बघितल्या, त्यातून २००० साली ही निवडली गेली आणि २००१ मध्ये मानक झाली. स्पर्धा घ्यावी लागली, कारण त्याआधीची डीईएस ही पद्धत म्हातारी झाली होती. तिची किल्ली ५६ बिटांची. १९९८ मध्ये एका नागरी हक्क संस्थेने अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात एक यंत्र बांधलं आणि ती किल्ली ५६ तासांत शोधून दाखवली.

एईएसची लहानात लहान किल्ली १२८ बिटांची असते. एकेक बिट वाढला की शक्यता दुप्पट होतात, त्यामुळे १२८ बिटांच्या किल्ल्या होतात साधारण ३४ वर ३७ शून्यं एवढ्या. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून बघणारं यंत्र आणलं, तरी सगळ्या तपासायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या ७५ कोटी पटींहून जास्त काळ लागेल. म्हणून एईएसला कुणी डोकं लावून बसत नाही. हल्ला होतो तो नेहमी बाजूने: पासवर्डवर, उघड्या राहिलेल्या स्क्रीनवर, माणसावर.

हे कुलूप बहुतेकांच्या लॅपटॉपमध्ये आधीच आहे. मायक्रोसॉफ्टने विस्टाबरोबर २००७ मध्ये बिटलॉकर आणलं. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ते मिळतं. होम आवृत्तीवाल्यांना त्याचंच साधं रूप ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ खाली सापडतं, मशीन त्या लायक असेल तर. विंडोज ११ च्या २०२४ साली आलेल्या आवृत्तीपासून नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की ते आपोआपच चालू होतं. ॲपलच्या मॅकवर फाइलव्हॉल्ट आहे. २०११ पासून ते अख्खी डिस्क बंद करतं. लिनक्स बसवतानाच डिस्क एन्क्रिप्ट करायची का, असा प्रश्न येतो, तिथे हो म्हणायचं.

एकदा चालू केलं की रोजच्या वापरात फरक जाणवत नाही. विंडोजच्या मशीनमध्ये मदरबोर्डवर टीपीएम नावाची सुरक्षा चिप असते, तिने किल्ली सांभाळलेली असते. मशीन नेहमीसारखं सुरू होतंय, मधे कुणी ढवळाढवळ केलेली नाही, असं दिसलं तरच ती किल्ली सोडते. डिस्क काढून दुसरीकडे लावली, की चिप मागे राहिलेली असल्यामुळे डबी आणि ‘कंटिन्यू’चं बटण दोन्ही निकामी. मात्र यात एक मेख आहे. डिस्क जागची न हलवता मशीन सुरू केलं, तर चिप आपणहून किल्ली देते आणि पुढे उभा राहतो तो आपला लॉगिन पासवर्ड. म्हणजे मघाशी ज्याला निरुपयोगी ठरवलं, त्याच्यावरच आता सगळा भार. तो ‘१२३४’ असला तर एवढ्या मोठ्या गणिताचा उपयोग काय?

शिवाय डिस्कचं कुलूप मशीन बंद असतानाच कुलूप असतं. १ ऑक्टोबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका सार्वजनिक वाचनालयात रॉस उल्ब्रिक्ट हा तरुण लॅपटॉप उघडून बसला होता. ‘सिल्क रोड’ नावाचा अमली पदार्थांचा ऑनलाइन बाजार हाच चालवतो, असा तपास यंत्रणेचा संशय होता. त्याची डिस्क एन्क्रिप्ट केलेली असणार हे अधिकारी जाणून होते. त्याने झाकण मिटलं असतं तर पुढे काही वाचता आलं नसतं. म्हणून एक बाई आणि एक पुरुष अधिकारी त्याच्या मागे जाऊन नवरा-बायकोसारखे भांडू लागले. त्याने मान वळवली, तेवढ्यात समोरच्याने उघडा लॅपटॉप ओढून घेतला. बाजाराचा सगळा कारभार पडद्यावर समोरच होता.

आपल्याला कुणी वाचनालयात गाठणार नाही. पण चहाला उठताना स्क्रीन तशीच ठेवायची, भाच्याला गेम खेळायला तेच खातं द्यायचं, ऑफिसच्या मीटिंगमध्ये प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडून ‘रीसेंट फाइल्स’ची यादी वीस जणांना दाखवायची, हे प्रकार रोजचे. घरात एकच कॉम्प्युटर असेल तर प्रत्येकाला वेगळं खातं काढून द्यावं. त्याला पैसे पडत नाहीत. उठताना विंडोजची कळ आणि ‘एल’ दाबायची सवय लावली की निम्मं काम झालं.

ज्या थोड्या फाइली खरोखरच नाजूक आहेत, म्हणजे मृत्युपत्राचा मसुदा, वैद्यकीय अहवाल, पासपोर्टची स्कॅन केलेली पानं, किंवा पत्रकाराच्या आणि वकिलाच्या बाबतीत दुसऱ्यांची कागदपत्रं, त्यांच्यासाठी डिस्कच्या आत आणखी एक कप्पा असावा. यासाठी मी व्हेराक्रिप्ट सुचवेन. त्याचा पूर्वज ट्रूक्रिप्ट २००४ साली आला आणि दहा वर्षं जगभर वापरला गेला. त्याचे कर्ते कोण, हे त्यांनी कधी उघड केलं नाही. २८ मे २०१४ रोजी त्यांच्या संकेतस्थळावर अचानक सूचना झळकली, की हे सुरक्षित नाही, बिटलॉकर वापरा. कारण नीट दिलंच नाही. पुढे स्वतंत्र तज्ज्ञांनी केलेल्या तपासणीत मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा काही सापडला नाही. फ्रान्समधल्या मुनीर इद्रासी यांनी त्याच्या आधारे २०१३ मध्येच व्हेराक्रिप्ट सुरू केलं होतं, ते पुढे चालू राहिलं. फुकट आहे आणि आतली रचना कुणालाही तपासता येते.

यात आपण समजा पाच जीबीची एकच मोठी फाइल तयार करतो. नाव काहीही देता येतं. ती बाहेरून उघडायचा प्रयत्न केला तर नुसती गिचमिड. व्हेराक्रिप्टमध्ये ती निवडून पासवर्ड दिला, की ती एखाद्या नव्या ड्राइव्हसारखी ‘धिस पीसी’मध्ये अवतरते, काम झालं की ‘डिसमाउंट’ म्हणायचं आणि ती पुन्हा बंद. आपला पासवर्ड थेट किल्ली म्हणून वापरला जात नाही, हा यातला सुंदर भाग. फाइल तयार करताना आपण खिडकीत माउस वेडावाकडा फिरवतो, त्यातून जमलेल्या अनियमिततेचा आधार घेऊन खरी किल्ली बनते. ती किल्ली फाइलच्या सुरुवातीच्या छोट्या भागात बंद करून ठेवतात आणि तो भाग आपल्या पासवर्डने उघडतो. त्यासाठी पासवर्ड नेहमीच्या मांडणीत पाच लाख वेळा घुसळला जातो. आपल्याला उघडताना क्षणभर थांबावं लागतं, पण पासवर्डचे अंदाज करत बसलेल्याला तेवढाच वेळ प्रत्येक अंदाजामागे मोजावा लागतो. पासवर्ड बदलायचा तर पाच जीबी पुन्हा लिहावी लागत नाही. तो छोटा भाग तेवढा नवा होतो. तोच भाग बिघडला आणि त्याची प्रत नसेल तर मात्र अख्खी फाइल गेली, म्हणून त्याची प्रत काढून ठेवायची सोय दिलेली आहे.

कप्प्याबाहेर सांडणाऱ्या गोष्टींकडे लक्ष हवं. आतली फाइल वर्डमध्ये उघडली की तिचं नाव वर्डच्या यादीत राहतं. फोटोंच्या छोट्या प्रतिमा विंडोज स्वतःच्या साठ्यात ठेवू शकते. ईमेलवरून आलेला अहवाल कप्प्यात टाकला, पण मूळ प्रत ‘डाउनलोड्स’मध्ये तशीच आहे, आणि डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला असेल तर एक प्रत तिकडेही पोचलेली आहे. म्हणूनच आधी अख्खी डिस्क बंद करावी आणि मग कप्पा. नुसत्या कप्प्याने भागत नाही.

एकेका फाइलला पासवर्ड लावणं हा प्रकारही चालतो, पण तो कुठे खरा आहे हे माहीत हवं. एक्सेलमधलं ‘प्रोटेक्ट शीट’ हे कुलूप नाहीच. चुकून आकडे बदलले जाऊ नयेत एवढ्यापुरतं ते आहे. ‘फाइल’ मेनूतल्या ‘इन्फो’ खाली ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ असतं, ते खरं. जुन्या पद्धतीच्या झिप फाइलचं कुलूप फोडायची रीत १९९४ पासून प्रसिद्ध आहे. सेव्हन-झिप वापरून एईएस निवडावं, आणि फाइलींची नावंही झाकायचा पर्याय त्यात आहे तो घ्यावा. नाहीतर आतलं वाचता येत नाही, पण ‘घटस्फोट_मसुदा_३’ हे नाव सगळ्यांना दिसतं.

ई-आधारची पीडीएफ हे सगळ्यात ओळखीचं उदाहरण. तिचा पासवर्ड म्हणजे इंग्रजीतल्या नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि पुढे जन्मसाल. तुमचं नाव सुरेश आणि जन्म १९९० चा, हे ज्याला माहीत आहे त्याला ती फाइल उघडीच. वाटेत पडलेली फाइल अनोळखी माणसाने उघडू नये, यापलीकडे त्याचा उपयोग नाही. त्यात आपण ती झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवर पाठवतो, सोबत पासवर्डही. दुकानदार ती डाउनलोड करतो, प्रिंट काढतो, ‘दहा रुपये’ म्हणतो. त्याच्या ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये एकदा डोकावून बघा: गल्लीतल्या निम्म्या लोकांची आधार, पॅन कार्डं, भाडेकरार, दहावीची प्रमाणपत्रं. आपल्यासमोर फाइल पुसायला सांगणं, आणि जिथे चालेल तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड’ आधार देणं, एवढं आपल्या हातात आहे. घरच्या लॅपटॉपला कितीही भक्कम कुलूप लावलं तरी ही प्रत त्या कुलपाच्या कक्षेत येत नाही.

पासवर्डबद्दल लांबलचक उपदेश नको. ‘ॲट’चं चिन्ह आणि मोठं अक्षर घुसवून केलेल्या आठ अक्षरी कसरतीपेक्षा लांबी महत्त्वाची, व्हेराक्रिप्ट स्वतःच वीस अक्षरांपेक्षा कमी दिली तर टोकतं. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये फाशांची रीत सुचवली, ती अजून उत्तम आहे. पाच फासे टाकले की ७,७७६ पैकी एक आकडा मिळतो, त्या क्रमांकाचा शब्द यादीतून घ्यायचा. असे सहा शब्द. शक्यता होतात २२ वर २२ शून्यं. यादी मराठी शब्दांची करून रोमन लिपीत लिहिली तरी हरकत नाही. शब्द मात्र फाशांनीच निवडावेत. माणसाने निवडले की गणपती, आई आणि मुलाचं नाव आलंच.

एक गोष्ट या कुलपाकडून मागू नये. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस जगभर पसरला आणि न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. फाइली निकामी करायला त्याने हेच एन्क्रिप्शनचं गणित वापरलं होतं. आपण काम करत असताना डिस्क उघडी असते, तेव्हा व्हायरसलाही ती उघडीच. त्यावर इलाज म्हणजे वेगळ्या डिस्कवर घेतलेली प्रत, एरवी केबल काढून ठेवलेली. आणि हो, ती डिस्कही एन्क्रिप्ट केलेली हवी. लॅपटॉप बंदिस्त आणि त्याची सगळी नक्कल कपाटात उघड्यावर, असं चित्र फार घरांत दिसतं.

उरतो तो किल्ली हरवण्याचा प्रश्न, आणि माझ्या मते सामान्य माणसासाठी हा चोरीपेक्षा मोठा आहे. सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या स्टीफन थॉमस या प्रोग्रॅमरचे ७,००२ बिटकॉइन ‘आयर्नकी’ नावाच्या पेन ड्राइव्हमध्ये अडकले आहेत. पासवर्ड लिहिलेला कागद हरवला. दहा चुका झाल्या की ती पेन ड्राइव्ह कायमची बंद होते, आणि २०२१ मध्ये त्याची गोष्ट जगाला कळली तेव्हा आठ संधी संपल्या होत्या. कुलूप उत्तम असलं की ते मालकालाही जुमानत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने लाखो विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, तेव्हा दुरुस्तीची रीत सोपी होती, पण बिटलॉकर लावलेल्या मशीनांना आधी ४८ आकडी ‘रिकव्हरी की’, म्हणजे राखीव किल्ली, लागत होती. काही कार्यालयांत त्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या तोच बंद पडलेला.

घरीही रिकव्हरी की मागणारा निळा पडदा येतो. मदरबोर्ड बदलला, बायॉस अपडेट झालं, की चिपला मशीन ओळखू येत नाही आणि पडद्यावर ते ४८ आकडे मागितले जातात. डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असेल तर ते आकडे मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर जमा असतात. पण पुष्कळांचं ते खातं दुकानदाराने लॅपटॉप विकताना घाईघाईत काढून दिलेलं असतं आणि त्याचा ईमेल कुणाला आठवत नाही. आधी ते खातं कोणतं, हे शोधून काढा. मग त्या ४८ आकड्यांच्या दोन छापील प्रती काढा: एक घरात मुदत ठेवीच्या पावत्यांबरोबर, दुसरी घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे. आपल्यामागे बायको-मुलांना विम्याची कागदपत्रं त्याच लॅपटॉपमधून काढायची असतील, हेही डोक्यात असू द्या. कागदावर लॅपटॉपचं मॉडेल लिहा, आणि त्या किल्लीच्या ‘की आयडी’ची पहिली आठ अक्षरंही लिहा. घरात तीन लॅपटॉप असतील तर निळ्या पडद्यावर तीच आठ अक्षरं दिसतात, आणि कोणता कागद कोणत्या मशीनचा हे त्यावरूनच कळतं.